वर्गणीची पावती : पर्वत पाटिया आणि लहान कामगार संघटनांचा जमाखर्च

लहान कामगार संघटनेच्या जमाखर्चात जमेच्या बाजूला बहुतेक वर्षी एकच खरी ओळ असते, आणि ती म्हणजे वर्गणी. देणगी कधी येते, कधी येत नाही. व्याज मोजण्याइतकी शिल्लक क्वचितच उरते. वर्गणीचा इतिहास पाहायचा तर ती किती होती याच्या आधी ती कुठे आणि कोणत्या दिवशी गोळा होत होती हे पाहावे लागते. मुंबई आणि अहमदाबादच्या गिरण्यांमध्ये याचे उत्तर ठरलेले होते: पगाराच्या दिवशी, पगाराच्या खिडकीपाशी. सुरतेच्या पर्वत पाटियासारख्या भागात ही खिडकीच नाही, आणि तिथल्या कामगारांच्या संघटित पैशाची गोष्ट या उणिवेपासून सुरू होते.

गुजरातीत पाटिया म्हणजे मोठ्या रस्त्यावर गावाच्या नावाची पाटी लागते तो फाटा. सुरत–बारडोली रस्त्यावरचा पर्वत गावाचा असा फाटा आता शहराच्या पोटात गेला आहे. आसपास मगोब, डुंभाल, पुणा, गोडादरा आणि लिंबायत. कापडाची मार्केटे, पार्सलची गोदामे, टेम्पोंच्या रांगा, आणि गल्ल्यांमधून यंत्रमाग, भरतकाम आणि साड्यांच्या फिनिशिंगची कामे. 1961 च्या जनगणनेत सुरतेची वस्ती तीन लाखांच्या आत होती. 2011 मध्ये ती 44 लाखांवर गेली. ही वाढ प्रामुख्याने बाहेरून आलेल्या कामगारांची आहे. मागावर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले, रंगाई-छपाईच्या मिलमध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारचे, मार्केटमध्ये राजस्थानी व्यापाऱ्यांकडे सगळीकडचे. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या भुसावळ–सुरत रेल्वेने आली आणि लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यात वसली. इथे अहिराणी रस्त्यावर ऐकू येते, कानबाईचा उत्सव होतो, आणि महापालिकेच्या मराठी शाळा चालतात.

या कामगारांच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने संघटनेचा पैसा पाहिला तो गिरण्यांच्या काळात. तिथेही सुरुवात पैशाविना झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला नोंदवलेले सभासद नव्हते, निधी नव्हता आणि नियमही नव्हते. सरकारी अहवालात तसे स्पष्ट नमूद आहे. तरीही 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्याच वर्षी जून महिन्यात रविवारची सुट्टी मिळाली. लोखंड्यांचे भांडवल होते ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र आणि त्यांचा शब्द. पण 1897 मध्ये ते प्लेगने वारले आणि संघटनेचे कामही थांबले. माणूस गेल्यावर काम पुढे नेणारी वही मागे नव्हती.

कामगाराच्या खिशातून तेव्हा काहीच जात नव्हते असे मात्र नाही. नोकरी मिळण्यासाठी आणि टिकण्यासाठी मजूर भरती करणाऱ्या जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. मुंबईत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर हाती पडे. तोवर वाण्याकडे उधारी आणि पठाणाकडून व्याजाने कर्ज. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर या सगळ्यांची माणसे उभी असत. संघटनेचा वर्गणी मागणारा कार्यकर्ता याच गर्दीत उभा राहिला, बहुधा सर्वांत शेवटी.

अहमदाबादेत पैशाचा विचार वेगळ्या वाटेने झाला. 1918 च्या तंट्यात कामगारांची मागणी 35 टक्के वाढीची होती आणि मालक 20 टक्क्यांवर अडले होते. गांधीजींनी संपासाठी बाहेरून देणगी घेण्यास नकार दिला. दुसऱ्याच्या दानावर चाललेला संप दात्याच्या मर्जीवर संपतो, अशी त्यांची भूमिका होती. उपाशी राहण्यापेक्षा मजुरी करावी म्हणून साबरमती आश्रमाच्या बांधकामावर रेती वाहण्याचे काम कामगारांना दिले गेले. 1920 मध्ये अनसूयाबेन साराभाई यांच्या पुढाकाराने मजूर महाजन संघ उभा राहिला, तेव्हा वर्गणीचा पैसा लढ्यासाठी साठवून ठेवण्यापेक्षा दवाखाना, शाळा आणि वाचनालयांवर खर्च करण्याची पद्धत पडली. अहमदाबादच्या गिरण्यांत पगार पंधरवड्याला होई. गुजराती कामगार वर्गणीला लवाजम म्हणत, आणि पंधरा दिवसांनी पगार होत असल्याने लवाजम मागायलाही ठरलेला दिवस असे. लवाजम भरणाऱ्याला शहरात त्याचे फळ रोज दिसत होते, म्हणून ही संघटना पुढे अनेक दशके सधन राहिली.

मुंबईत पैसा लढ्यात गेला. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात सुमारे दीड लाख गिरणी कामगार उतरले. धान्यवाटपासाठी देशभरातून आणि परदेशातूनही मदत आली. सोव्हिएत कामगार संघटनांनी पाठवलेल्या पैशावरून सरकार अस्वस्थ झाले आणि पुढे कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यात तो मुद्दा आला. गिरणी कामगार युनियनची सुरुवात मे 1928 मध्ये काहीशे सभासदांनी झाली. डिसेंबरात सभासद 54,000 झाले. पुढच्याच वर्षी पुढारी तुरुंगात आणि दुसरा सार्वत्रिक संप फसलेला, अशा स्थितीत ही संख्या तितक्याच वेगाने कोसळली. संघटनेच्या हिशेबाचा एक स्वभाव इथे दिसतो: लढा जिंकला की वर्गणी भरून येते, हरला की ज्या महिन्यात पैशाची सर्वांत जास्त गरज असते त्याच महिन्यात ती आटते. लहान संघटनेला हा धक्का सोसत नाही.

वर्गणीला कायद्याचे रूप 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने दिले. त्यामागे मद्रासचा अनुभव होता. बकिंगहॅम आणि कर्नाटिक मिलच्या मालकांनी मद्रास लेबर युनियनच्या पुढाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा लावला आणि संघटना चालवणेच बेकायदा ठरण्याची वेळ आली. नारायण मल्हार जोशी यांनी 1921 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात संघटनांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा ठराव मांडला. कायदा होऊन अमलात यायला 1927 चा जून उजाडला. नोंदणीकृत संघटनेला त्याने स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व दिले, बँकेत खाते उघडण्याचा मार्ग दिला आणि संपाबद्दलच्या दिवाणी दाव्यांपासून संरक्षण दिले. बदल्यात हिशेब मागितला.

त्या कायद्याचे पंधरावे कलम वाचण्यासारखे आहे, कारण त्यात एका लहान संस्थेचे सारे आयुष्य मावते. सर्वसाधारण निधीतून कशावर खर्च करता येईल याची ती यादी आहे. पदाधिकाऱ्यांचे पगार आणि भत्ते, कार्यालय आणि हिशेब तपासणी, सभासदांच्या हक्कांसाठी कोर्टकचेरी, औद्योगिक तंटा चालवणे, तंट्यात बुडालेल्या मजुरीची भरपाई, मृत्यू, म्हातारपण, आजारपण, अपघात किंवा बेकारीत सभासदाला वा त्याच्या घरच्यांना मदत, मुलांचे शिक्षण, अंत्यविधीचा खर्च, संघटनेचे नियतकालिक. कामगारांच्या सर्वसामान्य हिताच्या इतर कामांना देण्याच्या रकमेवर उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याची मर्यादा होती. राजकारणासाठी सोळाव्या कलमाखाली वेगळा निधी. त्यात पैसे भरणे ऐच्छिक, आणि न भरणाऱ्याचे सभासदत्व त्यामुळे कमी होत नसे. दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंतच्या जमाखर्चाचे तपासलेले पत्रक निबंधकाला द्यायचे असते. अगदी लहान संघटनांना त्या कायद्याखालच्या नियमांनी सवलत दिली होती: त्यांचा हिशेब दोन सभासदच तपासू शकत. ही सवलत मोलाची होती. सनदी लेखापालाची फी वाचे, आणि मागावर काम करणाऱ्या दोघांना आपल्या सोबत्यांचे पैसे ओळीओळीने पाहता येत.

पुढच्या कायद्यांनी पगाराच्या खिडकीला आणखी महत्त्व दिले. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वर्गणी भरणाऱ्या सभासदांच्या प्रमाणावर एकाच संघटनेला उद्योगाची प्रातिनिधिक संघटना ठरवण्याची पद्धत आणली. वर्गणी थकली की माणूस मोजणीतून बाद. मान्यताप्राप्त संघटनेला पगार जिथे वाटला जातो त्या जागेतच वर्गणी गोळा करण्याचा हक्क मिळाला, आणि तिच्या हिशेबावर सरकारी तपासणीसाची नजरही आली. महाराष्ट्राने 1971 मध्ये केलेल्या कामगार संघटना मान्यता कायद्यातही हा हक्क आहे. तो कायदा 1975 मध्ये लागू झाला. 1982 मध्ये वेतन प्रदान कायद्यात दुरुस्ती होऊन, कामगाराने लेखी संमती दिल्यास मालकाला पगारातूनच वर्गणी कापून संघटनेकडे भरता येईल अशी तरतूद आली. मोठ्या कारखान्यांत यामुळे वर्गणी गोळा करण्याचे काम संपले. सभासद आणि प्रतिनिधी यांची महिन्यातून एकदा होणारी भेटही त्याबरोबर संपली, आणि संघटनांचे हे नुकसान पैशात मोजले गेले नाही.

त्याच वर्षी, 18 जानेवारी 1982 रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दीड वर्षाहून अधिक काळ चाललेल्या त्या संपात कोणत्याही संघटनेचा निधी पुरणारा नव्हता. संप चालला तो कोकण, सातारा, कोल्हापूरकडच्या गावांवर. कामगार गावी गेले, तिथले धान्य खाल्ले, शेतावर राबले, आणि बायकांचे दागिने व घरातली भांडी गहाण पडली. हा खर्च कोणत्याच वहीत लिहिलेला नाही. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कापड विणण्याचे काम भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव आणि सुरतेच्या यंत्रमागांकडे आधीपासूनच सरकत होते, ते आता वेगाने गेले. खानदेशातल्या गिरण्याही एकेक करून थंडावल्या. गिरणीत पास, मस्टर आणि पगाराची खिडकी पाहिलेला माणूस किंवा त्याचा मुलगा सुरतेच्या शेडमध्ये आला तेव्हा त्याला या तिन्ही गोष्टी क्वचितच दिसल्या.

सुरतेचा माग लहान शेडमध्ये चालतो. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असले की जुना कारखाना कायदा लागू होई, म्हणून एकाच मालकाचे माग घरातल्या वेगवेगळ्या नावांवर दाखवण्याची पद्धत जुनी आहे. पाळी बारा तासांची. मजुरी मीटरवर. पैसे शेठ देतो, कधी ठेकेदार, कधी कारागिरांना घेऊन आलेला गावचाच माणूस. उचल आधी घेतलेली असते, ती वळती होऊन उरलेले हातात येते. साडीला लेस लावणे, टिक्या चिकटवणे, धागा कापणे ही कामे बायका घरी करतात आणि नगावर पैसे मिळवतात; त्यांच्या कामाला शेडसुद्धा नाही. मार्केटमधला हमाल दिवसात अनेक दुकानांचे पार्सल उचलतो. हजार कामगारांची एक गिरणी असती तर महिन्यातून एका दिवशी एका जागी उभे राहून पावत्या फाडता आल्या असत्या. तेच हजार जण शंभर-दीडशे शेडमध्ये विखुरलेले असतील, तर वर्गणी गोळा करणाऱ्याचा वेळ आणि भाडे वर्गणीहून जास्त होते. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातच्या मजुरांचा दीर्घकाळ अभ्यास केला. सुरतेच्या उद्योगात संघटना रुजू न देण्याकडे असलेला मालकांचा कल आणि कामगारांची सतत फिरती त्यांनी तपशीलवार नोंदली आहे. त्यांच्या वर्णनातली ही फिरती हिशेबाच्या भाषेत थकबाकी होऊन येते.

ट्रेड युनियन कायद्याने ठरवलेली किमान वर्गणीही या अडचणीत भर घालत आली. 1960 च्या दुरुस्तीने ती सभासदामागे महिन्याला 25 पैसे ठरली, म्हणजे जुने चार आणे. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने 1969 मध्ये ती महिन्याला एक रुपया करण्याची शिफारस केली. कायद्यात बदल व्हायला 2001 साल उजाडले. तेव्हा ग्रामीण कामगारांसाठी वर्षाला एक रुपया, इतर असंघटित कामगारांसाठी तीन रुपये आणि बाकीच्यांसाठी बारा रुपये अशी किमान रक्कम ठरली. असंघटितांचे हे वार्षिक तीन रुपये म्हणजे महिन्याला 25 पैसेच. चाळीस वर्षांत भाव कुठल्या कुठे गेले, पण यंत्रमागवाल्याच्या किमान वर्गणीचा आकडा जागचा हलला नाही. दोनशे सभासदांच्या संघटनेला त्या किमान दराने वर्षाला 600 रुपये मिळत. त्यात पावतीपुस्तके छापून होत आणि झेरॉक्सचा खर्च निघे. खोलीचे भाडे निघत नसे. प्रत्यक्षात संघटना यापेक्षा जास्त वर्गणी ठेवतात, पण किमान आकडा इतका खाली असला की कागदावर सभासद फुगवणे सोपे होते. खरी वर्गणी घेणाऱ्या संघटनेचे यात नुकसान होते.

मग अशा संघटना चालतात कशावर? जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखाली संघटनेचा पदाधिकारी सभासदाच्या वतीने कामगार न्यायालयात उभा राहू शकत असे, त्यामुळे वकिलाची फी वाचे. टंकलेखन, प्रवास आणि तारखांमागे गेलेले दिवस मात्र उरत. दिवाळीचा बोनस पदरात पडला की त्यातून एकरकमी देणगी घेतली जाते. थकलेली मजुरी किंवा अपघाताची नुकसानभरपाई मिळाली की त्यातला काही हिस्सा संघटनेला देण्याचा रिवाज अनेक ठिकाणी आहे. हा रिवाज समजण्यासारखा असला तरी संघटनेच्या मुळावर येणारा आहे. उत्पन्न दाव्यांवर अवलंबून राहिले की ज्याचे बोट मागात गेले तो महत्त्वाचा ठरतो आणि ज्याचा रोज एक तास विनामोबदला जातो तो मागे पडतो. केस संपली की पावतीही संपते.

कामगारांकडे साठवण्याची सवय नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. याच गल्ल्यांमध्ये भिशी चालते. दहा-वीस जण दरमहा ठरलेली रक्कम टाकतात आणि पाळीने एकेकाला सगळी मिळते. लग्न, गावच्या घराचे छप्पर, शाळेची फी त्यातून भागते. भिशी या शब्दाला भिवंडीच्या मागवाल्यांमध्ये दुसरा अर्थही आहे: महिन्याच्या बोलीवर जेवण देणारी खानावळ. गुजरातीत वीशी हा शब्दही असाच दोन्हीकडे लागतो. जेवणाची वही आणि बचतीची वही एकाच शब्दात राहावी, हे या कामगारांचे आयुष्य पाहिले की नवल वाटत नाही. गणपती मंडळाची वर्गणीही इथे बिनबोभाट जमते, कारण मंडळ गल्लीत असते, मागणारा ओळखीचा असतो आणि खर्च डोळ्यासमोर होतो. कामगाराची जमवाजमव कामाच्या जागेवरून राहत्या जागेकडे गेली आहे, आणि सुरतेत संघटनेच्या पैशालाही तीच वाट आहे.

या वाटेचे सर्वांत जवळचे उदाहरण गुजरातमध्येच आहे. 1972 मध्ये इला भट्ट यांनी सेवा ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना नोंदवायला नेली, तेव्हा मालकच नाही तर कामगार संघटना कशी, असा आक्षेप निबंधक कार्यालयाने घेतला होता. अखेर नोंदणी झाली. वार्षिक वर्गणी ठेवली पाच रुपये, आणि ती वस्तीत जाऊन घेतली जाई. सभासदत्व दरवर्षी नव्याने घ्यावे लागत असल्याने संख्या फुगत नसे आणि कार्यकर्तीला प्रत्येक दारात वर्षातून एकदा तरी जावे लागे. 1974 मध्ये चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन सेवा बँक उभी केली. इथे बचत आणि वर्गणी जवळ आल्या, पण त्यांच्या वह्या वेगळ्या राहिल्या, आणि ते योग्यच झाले.

महाराष्ट्रात विखुरलेल्या कामाला दुसरे उत्तर मिळाले. अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या माथाडींच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. हमाल रोज वेगवेगळ्या व्यापाऱ्याचा माल उचलतो. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो आणि मंडळ मजुरी हमालाच्या खात्यावर देते. जिथे मालक अनेक, तिथे पगाराची खिडकी कायद्याने उभारली गेली. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने याच पायावर पतसंस्था आणि ‘कष्टाची भाकर’सारखी स्वस्त जेवणाची केंद्रे चालवली. पर्वत पाटियाच्या मार्केटमधला हमाल तेच काम करतो. खिडकी मिळाली तर त्याच्याही संघटनेला वर्गणीचा दिवस मिळेल.

ट्रेड युनियन कायद्याची जागा आता 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. सर्वसाधारण निधी आणि राजकीय निधी वेगळे ठेवण्याची जुनी चौकट तिने कायम ठेवली आहे. वाटाघाटीचा एकमेव हक्क मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला मिळतो. मस्टरवर नावच नसलेल्या कारागिराची वर्गणी कितीही नियमित असली तरी ती या मोजणीत येत नाही, म्हणून सुरतेत मस्टरवर नाव लावून घेणे हेच संघटनेच्या खर्चाचे मोठे कलम होऊ शकते.

सुरतेचे माग दिवाळीला बंद होतात. खानदेशचे लोक भुसावळ गाडीने गावी जातात, ओडिशाचे त्याहून लांब. दोन-तीन आठवड्यांनी माग सुरू होतात तेव्हा बरेच कारागीर दुसऱ्या शेडमध्ये, कधी दुसऱ्या ठेकेदाराकडे आणि दुसऱ्या खोलीत असतात. वर्षाचे पत्रक 31 डिसेंबरला बंद करायचे असते. तोवर पावतीपुस्तकातले प्रत्येक नाव पुन्हा शोधावे लागते, आणि ते शेडमध्ये सापडले नाही तर गल्लीत, खानावळीत किंवा भिशीच्या वहीत.